शहाबादी फरशीची येळवस

दगडाला मन नसतं असं तुम्ही ऐकलं असेल, तर मित्रांनो, जरा माझ्याजवळ बसा. मी बेंबळीच्या उत्तरेश्वररावांच्या स्वयंपाकघरातली एक जुनी शहाबादी फरशी आहे. रंगानं राखाडी, अंगानं जाड आणि स्वभावानं थोडी कुरकुरी. कुरकुर करायला मला कारणंही तशीच मिळाली आहेत.

माझा जन्म शहाबादच्या खाणीत झाला. तिथं आम्ही बहिणी एकीवर एक झोपलेल्या होतो. कामगारांनी पहारी घालून आम्हाला उठवलं, ट्रकमध्ये उभं केलं आणि निघालो आम्ही. कुणी देवळात गेली, कुणी शाळेच्या व्हरांड्यात, एक बिचारी न्हाणीत गेली. माझं नशीब चांगलं, मी ओटा झाले. उत्तरेश्वररावांचं लग्न ठरलं होतं आणि नव्या नवरीला उभ्यानं स्वयंपाक करता यावा म्हणून विटांच्या दोन बुटक्या भिंती बांधून त्यांवर मला आडवी टाकली. ती नवरी म्हणजे धुरपदाबाई. अंगानं ठेंगणी, हातानं चपळ.

धुरपदाबाई खिडकीकडच्या टोकाला माझ्यावरच भाकरी थापायच्या. ना परात, ना काठवट. पिठाचा गोळा ठेवायचा, तळहाताचा ताल धरायचा, की भाकरी आपली आपण गोल फिरायला लागायची. रोज तिथंच हात पडून पडून माझं ते टोक कसं गुळगुळीत, किंचित खोलगट झालं. मी त्याला माझा गाल म्हणते. मधोमध एक पांढुरका डागही आहे. त्यांचा मुलगा रणधीर लहान असताना त्यानं चिंचेचा कोळ सांडून तसाच ठेवला होता. चुनखडीच्या दगडाला आंबट सोसत नाही, हे त्या पोराला कोण सांगणार. पण खरं सांगते, त्या डागाचाही मला लळा लागला.

येणारे जाणारे भाकरीचं कौतुक करायचे आणि मी मनातल्या मनात फुगायची. अर्धी भाकरी तर माझीच होती की नाही?

मग रणधीरचं लग्न झालं आणि दीपमाला आली. शाळेत शिक्षिका, उंच, हसरी. घरातल्या स्वयंपाकघरात अंधार, भिंतींना काजळी, सिमेंटचे पोपडे, पत्र्याची फडताळं गंजलेली. तिनं सगळं बदलायचं ठरवलं, पण तेही नीट विचार करून. शाळेत ती मुलांना झाडं लावायला सांगायची, मग घरी प्लास्टिकची फडताळं कशी बसवणार? सिमेंटचा गिलावा खरवडून चुन्याचा करायचा, जुन्या सागवानी दारांच्या फळ्या करायच्या, बांधावरच्या बांबूची मांडणी, आणि भांडी घासल्याचं पाणी परसातल्या केळींना. मला तर ऐकूनच बरं वाटलं. चुना म्हणजे माझ्याच भाऊबंदांतला.

शिवानंद गवंडी कामाला आला. त्यानं चुना भिजवला, त्यात गुळाचं आणि मेथीचं पाणी घातलं. गुळाच्या वासानं मुंग्यांनी अंगणापासून रांग लावली आणि धुरपदाबाई त्यांना फुंकून फुंकून दमल्या. घरात नुसती मजा चालली होती.

आणि त्या मजेत एक दिवस मला उचललं.

कारण दीपमालानं पुण्याहून नवा ओटा मागवला होता. टाकाऊ बाटल्यांच्या काचा बारीक करून, सिमेंटात घोटून, घासून चमकवलेला. निळे-हिरवे ठिपके, बघत राहावा असा. टाकाऊपासून केलेला, म्हणून तिला त्याचं भारी अप्रूप. आता काचा वाया जाऊ नयेत म्हणून पुण्याहून टेंपो भरून ओटा आणायचा आणि घरातली धडधाकट फरशी अंगणात उभी करायची, हा हिशेब मला काही कळला नाही. पण दगडाला कोण विचारतं? मी खिडकीखाली भिंतीला टेकून उभी राहिले आणि रुसले.

रुसले तरी कान आतच होते. पहिल्या सकाळी धुरपदाबाई नव्या ओट्यापाशी आल्या. तो दीपमालाच्या उंचीनं बांधलेला. धुरपदाबाईंची कोपरं पार वर गेली, खांद्याचा जोर हातात उतरेना. त्यात ओटा काचेसारखा घसरडा. भाकरी फिरायची सोडून सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकायची आणि उचलताना मोडायची. मला ओळखीचा ताल ऐकू येईना. थप्प, मग थांबणं. थप्प, मग थांबणं.

"आत्या, राहू द्या, मी चपात्या लाटते," दीपमाला सासूला म्हणाली. तिच्या मनात मायाच होती.

"लाट बाई," धुरपदाबाई म्हणाल्या. "हात गेला माझा. वय झालं आता."

मित्रांनो, तेव्हा माझा रुसवा कुठल्या कुठं गेला. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की बाई, हात गेलेला नाही, हाताखालचं गेलंय. पण मी पडले दगड. धुरपदाबाई दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात आल्याच नाहीत. ओसरीवर तूर निवडत बसल्या. पुढंही तसंच. नव्या, उजेडी, चुन्याच्या वासाच्या त्या स्वयंपाकघरात त्या पाहुण्यासारख्या यायच्या, पाणी पिऊन जायच्या. मला त्यांची फार काळजी वाटायला लागली.

एवढ्यात येळवस आली. आमच्या भागात वेळ अमावस्येला येळवस म्हणतात. त्या दिवशी सगळं गाव शेतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटीशी खोपी करायची, आत पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, त्यांना चुना आणि कुंकू लावायचं, भाज्या-शेंगांची भज्जी, ताकातली आंबील, पिठाच्या उकडलेल्या उंड्यांचा नैवेद्य दाखवायचा आणि वाटेनं जाणाऱ्यालाही हाताला धरून जेवायला बसवायचं. रणधीरनं मला ट्रॉलीत घालून शेतात नेलं, विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीखाली टाकायला. पण उत्तरेश्वररावांना माझा सपाटपणा आवडला. त्यांनी मला कोपीत निम्मी आत, निम्मी बाहेर अशी ठेवली, पाचही पांडव माझ्यावर बसवले आणि गिलाव्यातून उरलेला चुना मला कडेकडेनं फासून कुंकू लावलं. झालं, मी देवाचा पाट झाले. मान मोठा, पण माझा गाल बाहेर उन्हात रिकामाच होता.

दुपारी पाहुणे आले ते येतच राहिले. रणधीरचे मित्र धाराशिवहून, दीपमालाच्या शाळेतल्या बाई, शेजारच्या शेतातले माणिकप्पा. चपात्या बघता बघता संपल्या.

"वहिनी," माणिकप्पा पत्रावळीवर भज्जी घेऊन धुरपदाबाईंना म्हणाले, "येळवशीला चपाती व्हय? तुमच्या भाकरीसाठी म्या बांध ओलांडून आलोय."

"हात गेला भाऊजी माझा. आता न्हाय जमत."

दीपमालाचा चेहरा उतरला. ती उठली, शेतातल्या खोलीत गेली. सुगीत मजुरांचा स्वयंपाक तिथंच व्हायचा, म्हणून पीठ, तवा तिथं असायचंच. ते घेऊन ती सासूपुढं बसली.

"आत्या, एकच करा. मोडली तर ती मी खाते."

"थापू कशावर, तुझ्या डोक्यावर?" धुरपदाबाई म्हणाल्या आणि त्यांची नजर इकडंतिकडं फिरत माझ्यावर आली. चिंचेचा डाग त्यांनी ओळखला. त्या जवळ आल्या, माझ्यासमोर मांडी घालून बसल्या आणि पदरानं माझा गाल पुसला.

"अगं ए," उत्तरेश्वरराव उठलेच, "देवाचा पाट हाय त्यो. कुकू लावलंय म्या."

"म्हंजी माझी फरशी तुमी देवाला दिली, मला न इचारता," धुरपदाबाई शांतपणे पीठ मळत म्हणाल्या. "आन् पांडवांस्नी भाकरी लागत न्हाय व्हय?"

उत्तरेश्वरराव खाली बसले.

येळवशीच्या रिवाजाप्रमाणे दूध उतू घालवायला मांडलेल्या चुलीवर तवा चढला. गोळा माझ्यावर पडला. थप, थप, थप. पहिल्यांदा जरा चाचरत, मग तोच ताल, तोच जोर, आणि भाकरी गोल फिरायला लागली. मी अंग चोरून होते. तव्यावर ती टम्म फुगली. धुरपदाबाईंनी ती पांडवांपुढं ठेवली आणि आपल्या तळहातांकडं बघत राहिल्या.

"हात न्हाय गेला माझा," त्या हळूच म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसतही होत्या.

"आत्या, चूक माझी आहे," दीपमाला म्हणाली. "ओटा मी माझ्या उंचीनं मापला. आणि टाकाऊ वस्तू जपायच्या नादात घरातली चांगली वस्तू टाकून दिली."

पीठ संपेपर्यंत भाकरी होत राहिल्या. माणिकप्पांनी किती खाल्ल्या ते मी मोजलं नाही, पण त्यांना बांध ओलांडताना आधार लागला.

दुसऱ्या दिवशी देवाचा पाट परत न्यायचा कसा, हा प्रश्न होताच. उत्तरेश्वरराव कोपीपाशी गेले. मग त्यांनी स्वतःच पाचही दगड उचलून दरसालच्या जागी मातीत मांडले.

"त्यांस्नी मातीवरच बसायची सवय हाय," ते रणधीरला म्हणाले. "ट्रॉली आण."

आता मी पुन्हा स्वयंपाकघरात आहे. काचेच्या ओट्यावर गॅस आहे, त्याच्या शेजारी खिडकीखाली मी आहे. या वेळी शिवानंदनं मला बसवण्याआधी धुरपदाबाईंना उभं करून त्यांच्या कोपराचं माप घेतलं. माझ्या कडेचा चुना कुणी पुसलेला नाही. नवा ओटा दिसायला माझ्याहून देखणा आहे, हे मी आता मान्य करते, फक्त रोज नाही.

मित्रांनो, घरं बदला, भिंतींना चुना द्या, उजेड आत येऊ द्या, मातीला आणि पाण्याला जपा. पण एखादी जुनी वस्तू बाहेर काढाल, तेव्हा तिच्यावर कुणाचा हात रोज टेकतो तेवढं बघा. सध्या दीपमाला माझ्यावर भाकरी शिकते आहे. तिच्या उंचीला मी बुटकी पडते, कंबर धरून ती कुरकुरते. धुरपदाबाई शेजारी उभ्या राहून म्हणतात, "वाक जरा. म्या तुझ्या ओट्याला टाचा उचलल्याच की."