बिनटेबलाचा खण

मी एक जुना खण आहे. टेबलाचा. पण टेबल आता नाही. खण नसलेल्या टेबलाला लोक टेबलच म्हणतात. टेबल नसलेल्या खणाला मात्र, "हे काय आहे?" असं विचारतात. तर मित्रांनो, हे काय आहे, तेच सांगतो.

माझा जन्म रानाच्या कडेला, दोन खोल्यांच्या घरात झाला. सुताराने टेबल खोलीतच ठोकलं आणि पुरं झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की ते दारातून बाहेर निघणार नाही. "त्याला जायचंय तरी कुठे?" असं म्हणून तो स्वतः मात्र दारातून निघून गेला. जाता जाता उरलेल्या फळ्यांतून त्याने घाईघाईने मला बनवलं होतं. त्यामुळे मी जन्मतःच तिरका. मला उघडायचं तर खालून गुडघा मारायचा, डावा कोपरा उचलायचा आणि मगच ओढायचं. हे फक्त घरमालकिणीला जमे.

ती कवयित्री होती. शहरातला तिचा भाचा तिला आत्या म्हणे, म्हणून मीही मनातल्या मनात आत्याच म्हणत आलो. तरुणपणी ती इथे राहायला आली तेव्हा तिच्या कविता लांबलचक असत. चंद्र, चांदणं, परत चंद्र. मग रानाने तिला हळूहळू वळण लावलं. खिडकीखाली खसफस झाली की तिचा श्वास थांबे आणि ओळही थांबे. ओळी आखूड झाल्या. एकदा अंगणात अस्वल आलं आणि कविता अर्ध्यावरच राहिली. तिने ती तशीच ठेवली. पुढे एका समीक्षकाने त्या जागेला 'अर्थगर्भ मौन' म्हटलं. अस्वलाला कोणी कळवलं नसावं.

कविता लिहून झाली की ती माझ्यात येई आणि मुरत पडे. काही महिन्यांनी आत्या ती काढून रानात नेई. झऱ्याची कविता झऱ्याकाठी उभं राहून वाचायची, वारुळाची वारुळापाशी. जी ओळ तिथे खोटी वाटली ती खोडायची. असं तिचं सगळं आयुष्य गेलं. छापायला तिने फारसं काही दिलंच नाही. "अजून झालं नाही," एवढंच म्हणायची. तिचं जवळजवळ सगळं काम माझ्या पोटात होतं, आणि त्याची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

धोका होता तो माकडांचा. त्यांना कागद फार आवडत. म्हणून आत्याने टेबल फिरवून माझं तोंड भिंतीकडे केलं आणि टेबलावर एक देखणी लाल फाइल ठेवली. तिच्यात मुद्दाम लिहिलेल्या भिकार कविता. माकडं येत, फाइलची नाडी सोडत, पानं फाडत आणि समाधानाने जात. आत्या पुन्हा फाइल भरून ठेवी. वाईट लिहायला तिला जास्त वेळ लागे.

त्या उन्हाळ्यात आत्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी शहरात गेली आणि रान पेटलं.

मला आधी वास आला. मग पाखरांचा कालवा, आणि मग एकदम काहीच नाही. मित्रांनो, रान गप्प झालं की समजावं, ज्यांना पळता येतं ते पळाले. मला पाय नव्हते. टेबलाला चार होते, पण त्यांचा या कामी उपयोग नव्हता.

दुपारी जीप आली. भाचा धावत आत शिरला. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या आत्याला आगीचं न सांगता तो कविता वाचवायला आला होता. माणूस भला. त्याने टेबलावर लाल फाइल पाहिली, छातीशी धरली आणि म्हणाला, "आत्या, तुझं आयुष्य वाचलं गं!"

आणि तो निघून गेला.

मी ओरडणार होतो. पण खण फक्त उघडताना करकरतो, आणि उघडणारं कोणी नव्हतं. खिडकीबाहेर उजेड नारिंगी होत होता.

पुढचं मला नंतर ऐकून कळलं. वळणावर पळत सुटलेली माकडं जीपवर चढली. त्यांतल्या एका वयस्कर माकडाने मागच्या सीटवरची फाइल ओळखली, सवयीने नाडी सोडली आणि पानं काढायला सुरुवात केली. भाचा "अरे, ए!" करत धावला. हाती आलेलं पान त्याने वाचलं:

"हे वानरा, हे वानरा,
बरा आहेस ना रे, बरा?"

भाच्याने दुसरं पान वाचलं. ते याहून वाईट होतं. आत्याची लहर त्याला ठाऊक होती, आणि आत्या अशी ओळ माकडाखेरीज कोणासाठीही लिहिणार नाही, हेही ठाऊक होतं. त्याने जीप उलटी फिरवली. वाटेत कुऱ्हाड घेऊन झाडं तोडत, आगीपुढे पट्टा मोकळा करणारा वनरक्षक आडवा आला.

"वेड लागलं काय? कुठे निघालात?"

"आत्याच्या कविता राहिल्यात!"

"बाईंच्या?" वनरक्षक कुऱ्हाडीसकट जीपमध्ये चढला. "मग बघताय काय? दामटा!"

दोघं आत आले तेव्हा छपराचा एक कोपरा पेटला होता. भाच्याने कपाट उपसलं, गादी उलटी केली. "नाही रे नाही! कुठे ठेवते ही बाई?"

"टेबल हलवा," वनरक्षक खोकत म्हणाला. "भिंतीशी काय ठेवलंय बघू."

त्यांनी टेबल ओढलं. मी उजेडात आलो. भाच्याने माझी मूठ धरून जोरात ओढली. मूठ त्याच्या हातात आली. मी तिथेच.

"अख्खं टेबल उचला!"

उचललं. दारात अडकलं. आडवं केलं, उभं केलं, तिरकं केलं. वरून ठिणग्या पडत होत्या. सुताराला कोणी शिव्या दिल्या ते सांगत नाही, पण दोघांनीही दिल्या.

"फोडू का?" वनरक्षकाने कुऱ्हाड उचलली.

"अहो, आत्याचं टेबल आहे ते! सगळं आयुष्य त्यावर..."

"मग टेबल वाचवा आणि कविता जाळा. सांगा पटकन!"

भाच्याने डोळे मिटले. "फोडा."

मित्रांनो, मी आणि टेबल एकाच झाडाचे. पहिला घाव बसला तेव्हा ते कण्हलं नाही. दुसऱ्या घावाला फळी दुभंगली आणि अडकलेला दात निघावा तसा मी बाहेर आलो. भाच्याने मला पोटाशी धरलं. आम्ही अंगणात पोचलो आणि मागे छप्पर बसलं.

दवाखान्यात त्याने मला आत्याच्या मांडीवर ठेवलं. तिच्या डोळ्यांवर अजून पट्टीच होती. तिने माझ्या कडांवरून हात फिरवला, तिरका कोपरा चाचपला आणि तिला सगळं समजलं.

"टेबल?"

"गेलं, आत्या."

"घर?"

"तेही."

"आणि झऱ्याकडचं रान?"

भाच्याने तिचा हात हातात घेतला.

"ठोंब्या," ती म्हणाली, "एवढ्या कविता वाचवल्यास. आता मी त्या कुठे नेऊन वाचू?"

त्या कविता आता छापून झाल्या आहेत. लोक म्हणतात, वाचताना झऱ्याचा आवाज येतो. खरं आहे, ते सगळं रान माझ्यात होतं. पण मुलं आत्याला विचारतात, तो झरा कुठे आहे, आणि ती पुस्तकाचं पान उघडून दाखवते. तिथे कोणाला तहान भागवता येत नाही.

म्हणून एका खणाचं ऐका, मित्रांनो. तुमच्या आसपास जे काही रान उरलं असेल, झाड असेल, झुडूप असेल, ते जिथल्या तिथे जपा. सुक्या पानांत जळती काडी टाकू नका. माझ्यात कागद मावतात, अगदी ठासून मावतात. रान मावत नाही.