मला काच म्हणणाऱ्यांनो

मी काच नाही. हे आधी सांगून टाकतो, मग बाकीचं. तेरा वर्षं लोक मला काच म्हणत होते आणि मी ऐकून घेत होतो, कारण दगडाला तोंड नसतं. आज बोलतोय तर मध्ये तोंड घालू नका. मी एक खडा आहे. माणिक. मुरगूडच्या शालूबाईंच्या कोल्हापुरी साजातला.

साज तुम्हाला ठाऊक असेलच. सोन्याची एकवीस पानं, कशावर मासा, कशावर कासव, कशावर शंख. त्यातल्या एका पानावर माणिक बसवायचं आणि एकावर पाचू. शालूबाईंच्या सासूबाईंनी, म्हणजे झुंबरबाईंनी, हा साज घडवून घेतला तेव्हा माणकाची जागा मला मिळाली. त्याआधी मी कुठल्या खाणीत होतो, कुणी खणून काढलं, ते मला सांगता येणार नाही. तुम्हाला तरी तुमचा जन्म कुठे आठवतो?

माझा रंग डाळिंबाच्या दाण्याचा. थोडा गुलाबीकडे झुकलेला. पण लोकांना माणिक म्हणजे कुंकवासारखं लालभडक लागतं. म्हणून त्या वेळच्या सोनारानं माझ्या पाठीला लाल वर्ख चिकटवला आणि वरून कोंदण बंद करून टाकलं. म्हणजे लोक बघायचे मला आणि कौतुक करायचे त्या वर्खाचं. झुंबरबाई मिरवायच्या, "आमचं माणिक बघा, कसं पेटतंय!" मला तेव्हाही राग यायचा. पण तो आजच्यासारखा नव्हता.

झुंबरबाई गेल्या, साज सुनेकडे आला. चौऱ्याण्णव साली मी कोंदणात हलायला लागलो. शालूबाईंचे यजमान बाळासो यांचं मुरगुडात भांड्यांचं दुकान. माल भरायला ते कोल्हापूरला यायचेच, तेव्हा मला घेऊन आले. गुजरीच्या, म्हणजे तिथल्या सराफ बाजाराच्या, मागच्या बोळात एका ओट्यावर करीमभाई बसायचे. खडे बसवण्याचं काम त्यांच्या घरात बापापासून चालत आलेलं. मोठमोठ्या पेढ्यांचे खडे त्यांच्याकडे यायचे आणि कुणी मोजूनसुद्धा देत नसे, इतका विश्वास.

करीमभाईंनी मला पानातून काढलं, पाण्यात बुडवलं, पुसलं आणि उजेडाकडे धरलं. इतक्या वर्षांनी माझ्या अंगातून ऊन आरपार गेलं. काय सांगू तुम्हाला!

"बाळासो," करीमभाई म्हणाले, "मागचा वर्ख घामानं कुजलाय बघा. त्यो टाकतो. ह्या खड्याला वर्ख लागतच न्हाय. मागनं जरा जाळी मोकळी ठेवतो, उजेड आत येऊ दे. आता फिक्का दिसंल, पर दिसंल त्यो ह्योच. घरात तेवढं सांगून ठेवा."

"करा की, करा," बाळासो घड्याळ बघत म्हणाले. "माझी यष्टी चुकंल."

सांगून ठेवा, एवढंच काम होतं. ते या माणसाकडून झालं नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी मुरगूडला पोचलो. शालूबाईंनी डबी उघडली, मला दारात उजेडात नेलं आणि त्यांचा चेहरा पडला. "ह्यो आमचा न्हवं. आमचा लालभडक हुता. खडा बदलला त्या करीमनं!" बाळासो जेवत होते. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि मान खाली घातली. मला वाटलं, आता बोलतील, मग बोलतील. ताट रिकामं झालं, हात धुतला, माणूस दुकानात निघून गेला.

दुसऱ्याच दिवशी शालूबाई त्यांना ओढत कोल्हापूरला घेऊन आल्या आणि गुजरीतल्या एका पेढीवर चढल्या. त्या शेठचं नाव मी घेत नाही, त्याची लायकी नाही. त्यानं भिंग लावलं आणि माझ्या आत पाहिलं. माझ्या पोटात रेशमाच्या धाग्यासारख्या बारीक रेषा आहेत, काचेत तशा कधी सापडत नाहीत. त्या त्याला दिसल्या. भिंगामागचा डोळा मोठा झाला, श्वास क्षणभर थांबला. मी त्याच्या चिमट्यात होतो, मला कळणार नाही तर कुणाला? भिंग खाली ठेवून तो म्हणाला, "काच आहे, वहिनी. लाल काच. सोन्याच्या वजनातनं वजा जाईल. पान ठेवून जा, नवं घडवून देतो."

ज्याला मला फुकटात गिळायचं होतं, त्यालाच शालूबाई माझं मोल विचारायला गेल्या होत्या. आणि त्या एकट्याच असं करतात असंही नाही. अख्खा गाव हेच करतो.

पान मात्र त्यांनी ठेवलं नाही. त्या तडक बोळात गेल्या आणि ओट्यासमोर उभ्या राहून ओरडल्या, "आमचं माणिक खाल्लंस आन काच बशिवलीस व्हय रं? पोराबाळांचं भलं व्हईल का तुझं?" बोळ गोळा झाला. पेढ्यांवरची माणसं पायऱ्या उतरून आली.

करीमभाईंनी फक्त बाळासोंकडे बघितलं. "बाळासो, तुमास्नी बोललो हुतो की न्हाय? सांगा की."

बाळासो आपल्या चपलांकडे बघत राहिले. बायको एवढ्या लोकांत ओरडली, शेठनं काच म्हटलं, आता मध्ये बोलून आपलं हसं कशाला करून घ्या, असला हिशेब. मी त्यांच्या खिशातल्या डबीत होतो. डबी फोडून बाहेर पडता आलं असतं तर पडलो असतो.

खडे बसवणाऱ्याजवळ हात आणि नाव, याखेरीज काही नसतं. महिन्याभरात करीमभाईंकडे एकही पेढी खडा पाठवेना. वर्षाच्या आत ओटा सुटला आणि ते बायकोला, बेगमभाभींना, घेऊन कबनूरला गेले. जे हात तांदळाच्या कणीएवढा खडा बसवायचे, ते यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला लागले.

आणि मी? मी पत्र्याच्या ट्रंकेत. मध्ये एकदा शालूबाईंनी मला ग्रहांचे खडे देणाऱ्या एका गृहस्थाकडे नेलं. तो म्हणाला, "खरा का खोटा ते सोडा, हा तुम्हाला लाभत नाही. माझ्याकडे द्या आणि पुष्कराज घ्या." मग एका मंगल कार्यालयात खड्यांचं प्रदर्शन भरलं, "मोफत तपासणी" असा फलक लावून. तिथल्या बाईनं माझ्याकडे जेमतेम पाहिलं आणि शालूबाईंपुढे स्वतःच्या अंगठ्यांचा ट्रे सरकवला. फुकट तपासणीचा अर्थ तुम्हीच लावा.

दोन हजार सात साली शालूबाईंच्या मुलीचं, प्रीतीचं, लग्न ठरलं. साज तिला द्यायचा होता. ती म्हणाली, "आई, एकदा नीट तपासून घेऊ." कुणीतरी तिला राजारामपुरीतल्या प्रसेनजीतचं नाव सांगितलं. खडे पारखण्याचं शिक्षण मुंबईत घेऊन आलेला, जिन्याखालच्या खोलीत यंत्रं मांडून बसलेला.

"सोनारातला न्हाय त्यो," शालूबाई कुरकुरल्या. "त्येच्या घरात कुणी सोनं तरी बघितलंय का? त्येला काय कळतंय?"

असली वाक्यं ऐकली की माझं डोकं फिरतं. खानदानी शेठनं काय दिवे लावले होते?

प्रीतीनं तिथे गेल्या गेल्या विचारलं, "तुम्ही खडे विकत घेता का?"

"न्हाय."

"विकता?"

"तेबी न्हाय. तपासायचे पैसे ठरल्यालं हाईत. खडा हिरा निघू दे न्हाईतर गोटा, तेवढंच घेतो."

एवढे दोन प्रश्न! तेरा वर्षांत कुणाला सुचले नाहीत.

शालूबाईंनी पान पुढे केलं. त्यानं पाहिलं आणि परत दिलं. "कोंदणातनं काढल्याबिगर मी काय सांगणार न्हाय."

"बाकीच्यांनी तर बघितल्या बघितल्या सांगितलं."

"त्यास्नी कळत असंल, मावशी. मला मोजावं लागतंय."

शेजारच्या कारागिराला बोलावून, मायलेकींच्या डोळ्यांसमोर त्यानं मला मोकळं करवलं. तासभर तो माझ्यावर वाकलेला होता. प्रकाश टाकला, पाण्यात तोललं, यंत्राखाली फिरवलं, आकडे लिहिले. मग म्हणाला, "अस्सल माणिक हाय. जुनं. तापवून रंग चढवल्यालं न्हाय. पर तळाला तडा हाय, आन प्रत मध्यम."

मध्यम! मला झोंबलं. पण खरं सांगतो, त्या एका शब्दावर माझा त्याच्यावर विश्वास बसला. ज्याला मला विकायचं नव्हतं आणि लाटायचंही नव्हतं, तोच माझा तडा सांगू शकत होता.

"कडंला जुन्या लाल वर्खाचा कण अडकलाय," तो पुढे म्हणाला. "आदी वर्खामुळं लाल दिसत आसंल. ज्यानं काढला, त्यो माणूस कामाचा जाणकार."

हे सगळं लिहून, सही करून त्यानं कागद शालूबाईंच्या हातात दिला. मुरगूडला येऊन त्यांनी तो कागद बाळासोंपुढे टाकला तेव्हा त्या माणसानं इतक्या वर्षांनी तोंड उघडलं. "करीमनं मला सांगितलं हुतं. वर्ख काढतो म्हणून."

"आन मग तवा मूग गिळून का बसलासा?" शालूबाई किंचाळल्या.

आठवड्यानं त्या प्रीतीला घेऊन कबनूरला गेल्या. मी पुडीत, पुडी त्यांच्या पिशवीत. मागांच्या खडखडाटात भिंती हलत होत्या. करीमभाई दारात आले. केस पांढरे, दाढीत सुताचे तंतू.

"करीमभाई, चुकलं आमचं," शालूबाई हात जोडून म्हणाल्या. "खडा खरा हाय."

"मला ठावं हाय की, वैनी. मीच बशिवलाय."

शालूबाईंनी बेगमभाभींसाठी लुगडं नेलं होतं. भाभींनी ते उलगडलंसुद्धा नाही, होतं तसं पिशवीत परत ठेवलं. करीमभाईंनी पुडी उघडून मला तळहातावर घेतलं, एकदा उजेडाकडे धरलं, पुन्हा पुडीत बांधलं.

"मला हितं सांगून काय उपेग?" ते म्हणाले. "म्या बदलला न्हाय हे मला म्हाईत हाय, हिला म्हाईत हाय. जिथं वरडलासा तिथं जाऊन सांगा. तितक्याच मोठ्यानं."

"बघू," शालूबाई म्हणाल्या.

त्या "बघू"ला आता चार महिने झाले. लग्न पंधरा दिवसांवर आलंय. घरात चर्चा चालते ती वेगळीच. शालूबाईंचं म्हणणं, पाठीमागे पुन्हा लाल वर्ख लावून घेऊ, फोटोत उठून दिसेल. प्रीती म्हणते, "आई, आधी ते करीमभाईंचं काम." आई म्हणते, "आता कुणाच्या ध्यानात हाय ते? कशाला उकरायचं?"

मला पुडीच्या कागदात सगळं ऐकू येतं, शालूबाई. उद्या तुम्ही मला गुजरीत नेणार आहात. वर्ख लावा नाहीतर शेंदूर फासा, माझं काही म्हणणं नाही. पण त्या बोळावरून जाताना थांबा. ओट्यावर आता दुसरं कुणी बसत असेल, पेढीवर तो शेठही असेल. लोक हसतील, हसू देत. त्या दिवशी जो आवाज काढला होता तोच काढा आणि सांगा की करीमनं खडा बदलला नव्हता. मला माणसांना ऐकू जाईल असं तोंड असतं तर तुमच्यासाठी तेरा मिनिटंसुद्धा थांबलो नसतो. तुम्हाला आहे. उघडा ते.