आंबेसावळीचा थर

नागपंचमी जवळ आली की सेलूच्या त्या घरात कोकिळाकाकू उगाचच मोठ्याने बोलू लागत. गल्लीतल्या सुना भावांबरोबर माहेरी निघायच्या आणि काकू दारात उभ्या राहून प्रत्येकीला "जा बाई, निवांत राहून ये" म्हणायच्या. त्यांचे स्वतःचे माहेर, आंबेसावळी, दुधना नदीवरच्या धरणात गेले होते. भाऊ शहरांत पांगले होते आणि त्यांच्या भाड्याच्या खोल्यांना माहेर म्हणायला काकूंची जीभ वळत नसे.

परमेश्वर त्यांचा पुतण्या. घरी बसून संगणकावर नकाशे घडवणे हे त्याचे काम. चार शब्द बोलून कुणाचे मन हलके करणे त्याला कधी साधले नव्हते. म्हणून यंदा त्याने धरणापूर्वीचा एक जुना कागदी नकाशा मिळवला, त्याचे चित्र घेऊन संगणकात फरशीसारखे चौकोनी तुकडे पाडले आणि ते पडद्यावर एकमेकांना सांधून बसतील अशी व्यवस्था केली. मग खाली मान घालूनच तो म्हणाला, "काकू, पंचमीला तुमाला माहेरी नेतो."

"यष्टीनं का होडीनं?" काकू हसल्या. पण पंचमीच्या दुपारी त्या ठेवणीतले लुगडे नेसून संगणकापुढच्या खुर्चीवर येऊन बसल्या.

पडदा उजळला. निळेशार पाणी, नुसते पाणी.

"आरं परमा, हे तर धरणच हाय."

आसपासचा आजचा मुलूखही दिसावा म्हणून सकाळी त्याने उपग्रहाच्या छायाचित्रांचा दुसरा थर जोडला होता आणि घाईत तपासायचे राहून गेले होते. "थर एकावर एक बसतात, काकू," तो पुटपुटला. "शेवटी जोडला तो वर. मी गाव आधी जोडलं, पाणी नंतर."

"म्हंजे सरकारनं एकदा बुडीवलं, अन् तू दुसऱ्यांदा!"

त्या हसल्या खऱ्या, पण त्यांचे हात मांडीवर निमूट मिटून राहिले. त्याने प्रोग्राममधल्या दोन ओळींची जागा बदलली. पान पुन्हा उघडले. आधी एक कोपरा उमटला, मग शेजारचा तुकडा, मग त्याखालचा. पिवळट कागदाची जमीन हळूहळू वर आली आणि पाणी ओसरले.

काकू पडद्याजवळ झुकल्या. "हे माझं गाव न्हाई. हितं नुसते काळे ठिपके हायत."

 तेव्हा परमेश्वरच्या ध्यानात आले की काकूंनी आपले गाव आभाळातून कधी पाहिलेच नव्हते. ते त्यांच्या पायांना ठाऊक होते. त्याने नकाशा हलकेच सरकवला. "काकू, यष्टी कुठं सोडायची तुमाला?"

"फाट्यावर. मग तिथून चालत."

"हा बगा फाटा. चला."

काकूंचे बोट तुटक रेघेच्या पाऊलवाटेने निघाले. "हितं वढा. चपला हातात घ्यायच्या. ह्या अंगाला बाभळी." बोट एका बारीक वर्तुळाशी थबकले. "ही हीर! लय मचूळ पाणी बग तिचं." आणि तिथून, कुणी हाक मारल्यासारखे, झरझर एका ठिपक्यावर. "हे आमचं."

त्यांनी आणखी जवळ जायला माउसचे चाक फिरवले. ठिपका मोठा होऊ लागला आणि परमेश्वरला धास्ती वाटली. जुन्या कागदात याहून बारीक काही नव्हते. आणखी खोल गेले की तुकडे संपणार आणि खालून पाणी वर येणार. त्याने घाईने त्यांचा हात थांबवला, एक ओळ लिहून मर्यादा घातली आणि नकाशा पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला.

"ह्याच्या म्होरं न्हाई का जाता येत?"

"न्हाई, काकू. दारापर्यंतच."

"दारापर्यंत लय झालं, लेकरा."

तेवढ्यात वैजीनाथकाका बाहेरून आले आणि उंबऱ्यातच थांबले. सासरी पदर डोक्यावर, माहेरी खांद्यावर, ही त्यांच्याकडची रीत. आणि या घरात सून म्हणून आल्यापासून ज्यांचे केस कुणाला दिसले नव्हते, त्या त्यांच्या बायकोचा पदर खांद्यावर उतरला होता. तो सावरायला काकूंनी हातही उचलला नाही.

"ह्ये काय चालू हाय?" काका म्हणाले.

काकूंनी मागे वळून पाहिले. "या पाव्हणं, बसा. जावई आले रे, परमा. पाणी दे."

काकांनी पडद्याकडे पाहिले, मग काकूंकडे. चपला त्यांनी बाहेर नीट जोडून ठेवल्या आणि ते नव्या जावयासारखे दुसऱ्या खुर्चीच्या कडेवर टेकले. "जावयाला चहा तरी मिळंल का?"

"माहेराला आलेली लेक चुलीपुढं बसती व्हय? तुमीच ठिवा. परमालाबी द्या."

काका खाकरले, उठले आणि स्वयंपाकघरात गेले. भांड्यांची आदळआपट झाली. "अगं, साखर कुठं हाय?"

काकूंनी ते ऐकले नाही. बोट पुन्हा त्या बारीक वर्तुळावर टेकवून त्या विहिरीशी उभ्या होत्या, आणि गावातल्या कुणाकुणाची नावे घेऊन त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होत्या.