चंद्रकोरीखालची तार

कार्तिकातली सांज. चौलच्या सुपारीबागांवर केशरी उजेड सांडलेला, माडांच्या झावळ्या सोनसळी, समुद्रावरून येणारा वारा लवणगंधी, आणि अंगणात, उंबऱ्यात, कोनाड्यात दिवेच दिवे!

त्या सुवर्णस्नात सांजेला छेदत, माडाच्या शेंड्यापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत एकच तांब्याची तार. शर्वाणीची तार. शर्वाणीचा अँटेना. दहावीतल्या पोरीने आकाशाला बांधलेलं तोरण!

तारेच्या मध्यातून काळी केबल उतरत होती, घरातल्या रेडिओपर्यंत. खरं तर तिने सरळ यायचं, पाण्याच्या धारेसारखं. पण आईने बजावलं होतं, "दिवाळीचा रंग आत्ता कुठे वाळलाय. भिंतीला एक खिळा ठोकून तर बघ!" म्हणून केबल आली वळसा घेऊन, आकाशकंदिलाच्या दिव्यांच्या माळेला बिलगून, मैत्रिणीच्या गळ्यात गळा घालावा तशी.

आज भाऊबीज. नंदनमामा दूर बेटावर, हवामान केंद्रात. शर्वाणीला या ऐकायच्या-बोलायच्या रेडिओचं वेड लावलं ते त्यानेच. वादळात बेटावरचे फोन मुके झाले, इथली जुनी तार तुटली, आणि धनत्रयोदशीपासून आईच्या कानी भावाचा आवाज नाही.  आई करंज्या तळत होती नुसती. तळत होती, आणि दाराकडे बघत होती. ओवाळणीचं ताट तिने चंद्रासाठी मांडलं. भाऊ समोर नसला की बहीण चंद्राला ओवाळते.

शर्वाणीला मात्र चंद्र पुरणार नव्हता! सूर्य बुडाला की मामा रेडिओवर यायचा, पट्टीवरच्या ठरलेल्या जागी, नेहमी. तिने बटण फिरवलं.

चिरचिर. नुसती चिरचिर. हजार रातकिडे एका डबीत कोंडल्यासारखी. आणि तिच्या तळाशी, गढूळ पाण्यातल्या शिंपल्यासारखा चमकून गेलेला एकच शब्द, "शर्वे..."

"दिव्यांची माळ! तिचीच किरकिर केबलमध्ये शिरतेय," शर्वाणी ओरडली. "आई, कंदील विझवू?"

"भाऊबीजेला कंदील विझवतेस? वेडी की काय!" आणि मग एकदम हळू, "नंदूच होता ना गं तो?"

"मामाच!"

आईने भिंतीकडे पाहिलं. मोतिया, निष्कलंक, चार दिवस खपून रंगवलेली भिंत. ती आत गेली, आणि हातोडी घेऊन आली. "कुठे ठोकू, सांग."

ठक्. ठक्. मोतिया रंगाचे कपचे आईच्या केसांत, जुईच्या पाकळ्यांसारखे. माळेच्या मिठीतून केबल सुटली. सरळ आली, सडसडीत आली. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली तिने एक छोटा झोका घेतला, पावसापाण्याचा थेंब तिथेच गळून जावा म्हणून, आणि वर वळून आत शिरली. करंज्यांच्या डब्याशेजारी रेडिओ विराजमान झाला.

आणि काय सांगावं! निवळल्या पाण्यात तळ दिसावा तसा स्वच्छ, समुद्र ओलांडून आवाज आला.

"शर्वे, ऐकतेस ना? इकडे सगळे सुखरूप. अक्काला सांग, माझ्या वाटच्या करंज्या तुझ्या बाबांना देऊ नको म्हणावं. ओव्हर."

"गधड्या!" आई माइकमध्ये म्हणाली. "जेवलास का?"

"ओव्हर म्हण ना, आई, मगच तो बोलेल!"

पण आईच्या हातात ताट होतं, आणि डोळ्यांत निरांजन. खिडकीत काळ्या केबलला टेकलेली बीजेची कोवळी कोर. ओट्यावरच्या रेडिओत नंदूचं हसू. कुणाला ओवाळावं? क्षणभर हात थांबला. मग ज्योत फिरू लागली, कोरीपासून आवाजाकडे, आवाजापासून कोरीकडे, सावकाश, सावकाश, सोन्याचं एकच वर्तुळ रेखत.