पाचशेवं पित्ताशय

डॉक्टरीणबाईंनी तीन वर्षांत चारशे नव्याण्णव पित्ताशयं तपासली होती आणि आता त्यांना पाचशेव्याची घाई झाली होती. खड्यांमुळे काढलेलं प्रत्येक पित्ताशय फॉर्मालिनच्या बरणीतून त्यांच्या टेबलावर यायचं. संशोधनाचा नियम सुटसुटीत होता: डोळ्यांना निरोगी दिसलं, तर एकच तुकडा कापायचा, मेणात बसवायचा आणि त्याची स्लाइड बघायची. चारशे नव्याण्णवांत एकही कर्करोग निघाला नव्हता. पेपरचं शेवटचं वाक्य तयारच होतं: एक तुकडा पुरेसा आहे. शेजारच्या टेबलावर त्वचारोगांचे नमुने बघणारे सहकारी एवढ्याशा तिळाचे सहा-सहा काप करत बसायचे. "तुम्ही म्हणजे तिळाचाही पर्वत कराल," असं म्हणून बाई त्यांना चिडवायच्या.

पाचशेवी बरणी आली, तिच्यावर मावशींचं नाव होतं.

मावशी म्हणजे प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ. बावीस वर्षं त्या लोकांचे तुकडे मेणात बसवत आल्या होत्या आणि स्वतःचं दुखणं मात्र अगदीच सोसवेना, तेव्हा कुठे बोलल्या.

बाईंनी पित्ताशय उघडलं. आतलं अस्तर हिरवट, मऊ, चांगलं दिसत होतं. त्यांनी नियमाप्रमाणे एक तुकडा कापला, पण सुरी काही खाली ठेववेना. मन चिंती ते वैरी न चिंती! त्यांनी आणखी एक कापला, मग आणखी दोन. असं करत करत अकरा झाले.

दहा स्वच्छ निघाले. सातव्यात, अस्तराच्या वरच्याच थरात, मसुरीच्या दाण्यापेक्षाही लहान असा कर्करोग होता.

पंधरवड्याने मावशी कामावर आल्या, तेव्हा बाईंनी दार लोटून घेऊन त्यांना सगळं सांगितलं. "अगदी सुरुवात होती, मावशी. पित्ताशयाबरोबर तोही निघून गेला. आता फक्त तपासणीला येत राहायचं."

मावशी बराच वेळ चष्मा पुसत बसल्या. मग हसल्या. "चला, आयुष्यभर मेण वितळवलं ते फुकट नाही गेलं." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "कितव्या तुकड्यात होता?"

"सातव्या."

"नियम तर एकाचा आहे ना?"

"अहो, तुम्ही आमच्या घरच्यासारख्या."

"खरंय," मावशी म्हणाल्या. "आणि ते बाकीचे चारशे नव्याण्णव? ते कुणाच्याच घरचे नव्हते?"

नियम मोडला म्हणून मावशींना मोजणीतून वगळायचं, दुसरी बरणी घेऊन पाचशे पूर्ण करायचे, असं बाईंनी त्याच सकाळी मनाशी ठरवलं होतं. कागदावर ते चूकही ठरलं नसतं. आता मात्र त्यांना स्वतःची लाज वाटली.

संशोधन संपेपर्यंत उरलेला भाग टाकायचा नाही, असं ठरलेलं होतं, म्हणून बरण्या सगळ्या जागेवर होत्या. दुसऱ्या दिवशी दोघींनी पहिल्या बरणीपासून पुन्हा कापायला घेतलं. तिळवाले सहकारीही मदतीला बसले. टोमणा मारायची एवढी आयती संधी त्यांनी कशी सोडली, कुणास ठाऊक.

दोन महिन्यांनी, दोनशे बाराव्या बरणीत, पाचव्या तुकड्यात दिसलं. हा कर्करोग वरच्या थरात थांबला नव्हता, भिंतीत खोल शिरला होता. शस्त्रक्रियेला पावणेदोन वर्षं झाली होती.

"फोन मी करू का?" मावशींनी विचारलं. बाईंनी मान हलवून नको म्हटलं आणि स्वतःच नंबर फिरवला.

पलीकडे त्या रुग्ण स्त्रीनेच फोन उचलला. मागे भांडी घासल्याचा आवाज येत होता. बाईंनी आपण कुठून बोलतोय ते सांगितलं, पुन्हा तपासणीला लवकर यावं लागेल, असंही सांगितलं.

"अहो, पण माझ्या रिपोर्टात सगळं ठीक लिहिलं होतं," ती स्त्री म्हणाली. "खाली सहीसुद्धा होती कुणाची तरी."

"माझीच होती," बाई म्हणाल्या. "मी पुरेसं बघितलं नव्हतं. तुम्ही आज येऊ शकाल का? मी दारातच उभी राहते."