पंडितने फिरवलेली चावी

दुसऱ्याच्या कामात हात घालायची त्या पोराला भारी खोड. सोबतचे त्याला 'पंडित' म्हणायचे. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला! पण त्याच्याकडे नंतर येते. आधी मी कोण ते ऐका.

मित्रांनो, मी समुद्रात बुडी मारणाऱ्यांच्या पाठीवरची एक जुनी टाकी आहे. पुष्कळजण मला ऑक्सिजनची टाकी म्हणतात. म्हणोत बापडे. माझ्यात साधीच हवा, फक्त दाबून दाबून भरलेली. शाळेचे तोंड मी पाहिले नाही; खांद्यावर ठोकलेले तपासणीचे आकडे, तेवढीच माझी अक्षरओळख. पण कितीतरी छात्या माझ्या जिवावर खाली गेल्या आणि धडधाकट वर आल्या. कोणा शिकलेल्याने हे करून दाखवावे.

समुद्रकाठच्या एका केंद्रात माझा मुक्काम होता. तिथे एकदा शाळेच्या एका वर्गातली मुले आली. सकाळी शिडाची होडी, दुपारी बुडी. होडीत पंडितने दुसऱ्याच्या हातातली शिडाची दोरी हिसकावली आणि होडी वाऱ्याला तोंड देऊन जागच्या जागी फडफडत बसली. सुकाणू चिमणीकडे होते. बारकी, अबोल मुलगी. तिने ते शांतपणे वळवून होडी मार्गाला लावली. दुपारी नेमकी हीच दोघे बुडीला जोडीदार झाली, आणि मी चिमणीच्या पाठीवर बसले.

शिकवणाऱ्या ताईंचा नियम एकच: टाकीच्या मानेवरची हवेची चावी ज्याची त्याने उघडायची, मग दाबाच्या काट्यावर डोळा ठेवून चार श्वास घ्यायचे. चिमणीने मला पुरते उघडले होते. ती पायात पोहायचे रबरी पंख चढवायला वाकली, तेवढ्यात पंडितचा हात आला. उघडतोय असे समजून त्याने मला गच्च बंद केले, आणि सवयीने जरासा वळसा मागे दिला; मी जेमतेम किलकिली उघडी राहिले.

"तुझं मी बघितलंय गं, चल!"

काटा टाकी भरलेली दाखवत होता. श्वास घेऊन पाहिले असते तर डुलला असता. पण चिमणीने त्याचा शब्द धरला.

वरच्या पाण्यात माझी हवा पुरली. पाच पुरुष खोल गेल्यावर पुरेना. चिमणीने श्वास ओढला की काटा कोसळायचा, सोडला की परत चढायचा. आडात भरपूर होते मित्रांनो, पोहऱ्यात येत नव्हते! माझे पोट भरलेले आणि पाठीला पाठ लावून पोर गुदमरत होती. मला हात असते तर चावी मीच फिरवली असती.

तिने गळ्यावरून आडवा हात फिरवला: हवा नाही. काचेमागे पंडितचे डोळे बशीएवढे झाले. पण आपल्या छातीवरची हवेची जादा पिवळी नळी काढून त्याने तिच्या तोंडाशी धरली, तिचा दंड पकडला, आणि दोघे सावकाश वर आली. एवढे श्रेय त्याचे. ते मी नाकारत नाही.

काठावर ताईंनी माझी चावी चाचपली.

"कोणी फिरवली?"

"मीच. मला वाटलं, उघडली."

"वाटलं? आणि काटा काय म्हणत होता?"

"बघितलाच नाही."

चिमणी खोकत म्हणाली, "पुन्हा माझ्या चावीला हात लाव, मग दाखवते."

पुढे माझ्या मानेला चीर गेली आणि तपासणीत मी नापास झाले. कोठीत मोडक्या वल्ह्यांशेजारी पडून राहिले. माझ्यावर लोक ओले टॉवेल वाळत घालायचे. मग कोणीतरी माझे बूड कापून मला धक्क्यावर घंटा म्हणून टांगले. आता मला आवाज आहे.

परवा एक करड्या केसांचे सर मुलांना घेऊन आले. एका मुलीच्या चावीकडे त्यांचा हात निघाला तेव्हाच मी ओळखले. पण हात अर्ध्यात थांबला. पाठीमागे गेला.

"तुझी तू उघड. काटा बघ. चार श्वास. मी थांबतो."

मित्रांनो, ज्या वस्तूवर कोणाचा श्वास टांगलेला असतो, तिला नीट पाहिल्याशिवाय 'ठीक आहे' म्हणू नका. ती बिचारी सांगू शकत नाही.

मुलांचे चार श्वास झाले. बुडीची वेळ म्हणून सरांनी माझी दोरी ओढली. मुलांना नुसते 'ठण्ण' ऐकू आले. मी म्हणाले होते, "आलास एकदाचा वळणावर! पण किती वर्षं लावलीस रे, मेल्या! उद्याही हात मागेच ठेव."