इस्त्री केलेली पानं

दुपारी स्वयंपाकघरातला पाइप फुटला आणि पाणी थेट धाकटीच्या खोलीत शिरलं. तिची कागदांची चळत खालच्याच फळीवर होती, चिंब झाली.

माझी धाकटी बहीण जन्मापासून पाहू शकत नाही. फिजिओथेरपीची परीक्षा उद्यावर आलेली, तीही शेवटची संधी, आणि सगळा अभ्यास त्या जाड कागदांवर उठवलेल्या ब्रेलच्या ठिपक्यांत. वर्षभर मी पुस्तक वाचायचे, ती टोच्यानं टोचत बसायची. रेकॉर्ड करून देते म्हटलं तर म्हणायची, ऐकलेलं माझ्याकडे मुक्कामाला राहत नाही, बोटांत गेलेलं तेवढं राहतं.

ती कामावरून यायच्या आत कागद वाळायला हवे होते. मी पानं सुटी करून पलंगावर पसरली, पंखा लावला आणि आईला लक्ष ठेवायला बसवून प्लंबरला शोधायला गेले.

आईचा इस्त्रीवर भारी जीव. तिच्या मते जगातली निम्मी भांडणं कपडे चुरगळलेले असल्यामुळे होतात. मी परत आले तेव्हा पलंगावर गुळगुळीत पानांचा गठ्ठा होता आणि आई शेवटच्या पानावरून इस्त्री फिरवत होती.

"बघ, कशी नव्यासारखी झाली."

मी वरच्या पानावर बोट फिरवलं, ठिपके पार सपाट झाले होते. मी इस्त्रीचं बटण बंद केलं, तोवर दारात धाकटीची काठी वाजली.

पाणी कुठवर आलं ते तिला चपलेखालीच कळलं. पलंगावर बसून तिनं पान घेतलं. बोट या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलं. दुसरं घेतलं, उलटं करून पाहिलं, मग हरवलेल्या किल्लीसाठी खिसे चाचपावेत तशी पानामागून पान चाचपत राहिली.

"आई, यावर काहीच नाही गं."

आईनं इस्त्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओलं होतं म्हणून, एवढंच म्हणाली. धाकटी रडली नाही. उद्या जात नाही म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

बऱ्याच वेळानं आई एक पान घेऊन खिडकीशी गेली. तिरकं धरलं की पुसट वळ दिसत होते. तिनं घोंगडी दुमडून पाटावर टाकली, पान पालथं ठेवलं आणि एकेका वळात टोचा खुपसू लागली. पहिलं पान दमट होतं, फाटलं. दुसरंही फाटलं. तिसऱ्याला मी आडवी बॅटरी धरली. ते फाटलं नाही. ते पान तिनं धाकटीच्या हातात कोंबलं.

बोट सरकलं, थांबलं, पुन्हा मागे आलं.

"खांद्याचा सांधा," ती भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाली. "इथे एक ठिपका जास्त टोचलायस."

"आता तो कसा घालवू?"

"इस्त्री आहे ना."

आई हसली नाही. धाकटी मात्र उठून बसली आणि पुढच्या पानासाठी तिनं हात पुढे केला. खिडकीतला उजेड गेला होता आणि गठ्ठा अजून तेवढाच दिसत होता.